डोंगर दाराशी आला तेव्हा

डोंगर अजून चालत होते, तेव्हाची गोष्ट. लोंब्या नावाचा तरुण सुगरण पक्षी बाभळीवर खोपा विणत होता. एक पातं विणलं की तो समोरच्या डोंगराकडे उडत जायचा आणि ओरडायचा, "विणलं!" डोंगर म्हणायचा, "विणलं! विणलं! विणलं!" लोंब्या खूश. खोपा मात्र अर्धाच, आणि उद्या तुरी नावाची मादी घर बघायला येणार होती. अर्धं घर दिसलं असतं, तर ती शेजारच्या खोप्यात गेली असती.

घाबरून लोंब्याने डोंगराकडे जाणं बंद केलं. दुपारी डोंगरानेच हाक मारली, "लोंब्या, आत्ता तीन पोपट तुझ्याबद्दल काहीतरी बोलून गेले."

लोंब्याने मान वळवली. पण "काय बोलले?" असं विचारायला चोच उघडली, तर पातं खाली पडणार. तो विणत राहिला.

डोंगर एक पाऊल पुढे सरकला. "रागावलास का रे?" आणखी एक पाऊल. बाभळीवर सावली पडली.

सकाळी तुरीने खोपा आतबाहेर तपासला. "घर झकास आहे हो. पण दाराला टेकून हा डोंगर कसला?"

डोंगराने कान टवकारले. लोंब्याने पटकन एक हिरवं पातं तिच्या चोचीत दिलं.

तुरी विणायला लागली. कुणीतरी बोलेल म्हणून डोंगर संध्याकाळपर्यंत थांबला, मग दिवसभर कावकाव करणाऱ्या कावळ्यांकडे निघून गेला.