बोटभर पाहुणे

एका राज्यात, जिथे डोंगर सांजवेळी पाणी प्यायला नदीवर उतरत, सुकेतू नावाचा राजा होता. एका मायावीने त्याला शाप दिला. तेव्हापासून त्याला बोटभर उंचीची माणसे दिसू लागली. लाल पागोटी घालून ती दरबारात मुकाट बसून राहत.

वैद्य म्हणाले, "तिथे काही नाही, महाराज." राजाची पावले दगडाची झाली.

प्रधान म्हणाले, "काही नाही." गुडघे दगडाचे झाले.

धाकटा भाऊ रणधीर तर तलवार उपसून हवेत वार करीत सुटला. "बघ दादा, काही नाही!" दगड कमरेपर्यंत चढला.

त्या घरची रीत अशी, की पंगतीत सर्वांना वाढल्याखेरीज कुणी घास उचलायचा नाही. राजाने जेवण सोडले. म्हणाला, "ते उपाशी बसलेत. मी कसा जेवू?"

रणधीर रडत बांबूच्या बेटात गेला. तिथे बोलता भारद्वाज राही.

"माझा दादा जातोय रे! काय आणू? वाघिणीचं दूध? आत्ता जातो."

"किती पळशील?" पक्षी म्हणाला. "तीन कामं कर. तलवार नदीला दे. वडाकडून नखाएवढी पानं माग. तिसरं बसून करायचं, ते तुला जड. दादाला 'काही नाही' म्हणू नकोस, आणि दिसतंय असं खोटंही सांगू नकोस."

नदीने तलवार घेतली. वडाने विचारले, "पानं कुणाला?"

"दादाच्या पाहुण्यांना."

"तुला दिसतात?"

"मला नाही. दादाला दिसतात."

वडाने पाने झाडून दिली.

रणधीर परतला तेव्हा दगड गळ्याशी आला होता. तो धावत आत शिरला.

"अरे, थांब!" राजा ओरडला. "म्हातारबुवांना तुडवशील!"

रणधीरचे पाऊल अधांतरी राहिले. ओठांवर आलेले 'काही नाही' त्याने गिळले आणि तो खाली बसला.

"दादा, मला ते दिसत नाहीत. तुला दिसतात. पान कुठे मांडू?"

राजाने नजरेने जागा दाखवली. "इथे. आणि हा लहानगा आहे, याला भात मऊ कालव."

रणधीरने शीतशीत वाढले. "झालं ना सगळ्यांना? आता तू." त्याने पहिला घास भरवला. घास उतरला तिथवर ऊब आली, आणि दगड गळ्यापासून पायांपर्यंत सगळा विरघळला.

राजा हलकेच म्हणाला, "उठले ते. निघालेत."

"थांब, दारापर्यंत पोचवून येतो."

आणि जन्मात कधी सावकाश न चाललेला रणधीर, कुणी पायाखाली येऊ नये म्हणून, जपून जपून पाऊल टाकीत दाराकडे गेला.