निवृत्ती फोन वापरून बघतो

एका गावात एक भोळा जावई होता. म्हणजे जावई तो पलीकडच्या वडाळीचा. स्वतःच्या बोरखेड्यात तो नुसताच भोळा होता. नाव निवृत्ती. अंगानं धडधाकट, कामाला वाघ, व्यसन सुपारीचंसुद्धा नाही. एकच खोड होती. सांगितलेलं ऐकायचा. आता तुम्ही म्हणाल, ही काय खोड झाली? तुमच्या घरात असा माणूस नाही म्हणून म्हणता.

निवृत्तीची बायको कांचन पहिल्या बाळंतपणाला माहेरी गेली आणि तिला मुलगी झाली. त्याच आठवड्यात निवृत्तीची आई यमुनाबाई धुण्याच्या दगडावरून घसरली, आणि तिचा पाय मांडीपर्यंत प्लास्टरमध्ये गेला. वडाळी काही लांब नाही. ओढा उतरून टेकाड चढलं की आलीच. पण म्हातारीला खाटेवरून उतरायची मनाई, आणि बाळ-बाळंतिणीला सव्वा महिना उंबरा ओलांडायची मनाई. म्हातारी पडल्या पडल्या म्हणायची, "माझ्या नातीचं तोंड बघायचंय मला. दुसरं काही नको." येईल त्या बाईला विचारायची, पोर कुणावर गेलीय? प्रत्येक बाई वेगळं सांगायची. त्यानं म्हातारीचा जीव आणखीच टांगणीला लागायचा.

शेजारची शेवंता म्हणाली, "काकू, कॅमेऱ्याचा फोन घ्या. निवृत्तीभाऊजी फोटो काढून आणतील. आमचा फोन आहे, पण त्यात नुसतं बोलता येतं."

म्हातारी व्यवहाराला पक्की. "एका फोटोसाठी एवढी वस्तू घ्यायची? रोजच्या वापराला चालणार असली तर घेऊ. आधी वापरून बघू."

बाजारातला मोबाईलवाला रशीद तांबोळी ओळखीचा होता. त्यानं कपाटातून एक चकचकीत फोन काढला आणि नंबरासकट कार्ड घालून दिलं. "घेऊन जा निवृत्तीभाऊ. वापरून बघा. नाही पटला तर आणून द्या."

निवृत्तीनं फोन उलटासुलटा केला. "ह्याची बटणं कुठायत?"

"बटणं नाहीत. टचचा आहे. नुसतं बोट टेकवायचं, की काम होतं. दाबायचं नाही, ओढायचं नाही."

"बरं," निवृत्ती म्हणाला.

निवृत्तीला एकदा सांगितलेली गोष्ट पुन्हा सांगावी लागत नसे. तिथंच तर सगळी पंचाईत होती. संध्याकाळी तो म्हशीची धार काढायला बसला. बादली ठेवली आणि म्हशीच्या सडाला हळूच एक बोट टेकवलं. वाट बघितली. दुसऱ्या सडाला टेकवलं. म्हशीनं मान वळवून बघितलं. तिसऱ्याला टेकवलं तेव्हा तिनं लाथ घातली, आणि बादली उकिरड्यावर गेली.

"काय झालं रे?" म्हातारीनं आतून विचारलं.

"म्हैस बिघडलीय. बोट टेकवलं तरी काम होत नाही."

"अरे, असं कुठं दूध निघतं होय? हात पाण्यात बुडवायचे. मूठ चांगली आवळायची आणि वरून खाली दाबत यायचं. धार लागेपर्यंत सोडायचं नाही."

"बरं," निवृत्ती म्हणाला.

सकाळी त्यानं फोन हातात घेतला. हात पाण्यात बुडवले. मूठ चांगली आवळली आणि वरून खाली दाबत आला. फोन एकदा उजळला आणि विझला. निवृत्तीनं मूठ सोडली नाही. तसाच दाबत दाबत तो बाजारापर्यंत गेला.

"काय केलंत हे?" तांबोळीनं विचारलं.

"धार लागेना."

तांबोळी बरीच वर्षं ह्या धंद्यात होता. त्यानं काही विचारलं नाही. फोन खोलला, पुसला, उन्हात ठेवला, परत जोडला. "निवृत्तीभाऊ, ह्याला पाणी दाखवायचं नाही. अजिबात नाही. फडक्यात गुंडाळून ठेवायचा, आणि रात्रभर भिंतीजवळ लावून ठेवायचा."

त्या दिवशी म्हशीला पाणी मिळालं नाही. अंगावर गोधडी घालून तिला भिंतीला चिकटवून बांधली होती. ओरडा ऐकून शेवंता आली, म्हणून म्हैस वाचली.

म्हातारीनं त्याला खाटेशी बोलावलं. "हे बघ निवृत्ती, म्हशीचं म्हशीला आणि फोनचं फोनला. कळलं?"

"कळलं."

"काय कळलं?"

"म्हशीचा फोटो काढायचा नाही."

म्हातारीनं तेवढ्यावर भागवलं.

आता फोटोचं. तांबोळीनं शिकवायचं म्हणून निवृत्तीचाच एक फोटो काढला. निवृत्ती पोलिसांनी धरल्यासारखा उभा. "हसा की," तांबोळी म्हणाला. "हसल्याशिवाय फोटो चांगला येत नाही. समोरच्याला आधी हसवायचं, मग बोट टेकवायचं."

"बरं," निवृत्ती म्हणाला, आणि वडाळीला गेला.

पाळण्यात मुलगी जागी होती. निवृत्ती फोन धरून समोर बसला. "हसा," तो म्हणाला. मुलीनं जांभई दिली. "हसा," तो परत म्हणाला.

कांचन आतून म्हणाली, "अहो, ती अजून हसायला लागली नाही. वेळ आहे त्याला."

"मी थांबतो."

तो थांबला. चहा झाला, जेवण झालं, ऊन उतरलं. मध्ये मध्ये तो "हसा" म्हणत होता.

"स्वतःच्या लेकीला अहो-जाहो काय करताय?" कांचननं विचारलं.

"अजून ओळख नाही ना," निवृत्ती म्हणाला.

तो दिवेलागणीला घरी आला, तेव्हा त्यानं चप्पल काढायच्या आत म्हातारीनं हात पुढे केला. "दाखव."

"हसली नाही."

म्हातारी दिवसभर दाराकडे डोळे लावून पडली होती. तिला रडूच आलं. "अरे माझ्या राजा, हसायला कशाला पाहिजे? जशी असेल तशी काढ. झोपलेली असो, रडत असो. तू काही करू नको. जशी असेल तशी."

"बरं," निवृत्ती म्हणाला.

दुसऱ्या दिवशी मुलगी झोपली होती. वारं लागू नये म्हणून तिला डोक्यापासून पायापर्यंत दुपट्यात गुंडाळलेलं. निवृत्तीनं काही केलं नाही. जशी होती तशी काढली. चारही बाजूंनी काढली, कसर नको म्हणून.

म्हातारीनं चष्मा लावला. "हे काय आहे?"

"तुझी नात."

"हे गाठोडं आहे."

"आत आहे ती."

म्हातारीनं दुपट्याचा कोपरा दोन बोटांनी फाकवून बघितला. फोटो मोठा झाला. दुपटं तसंच राहिलं. तिनं चष्मा काढून ठेवला आणि डोळे मिटून म्हणाली, "तोंड उघडं करून काढायचा रे. आणि तुझ्या मनानं काही करू नको. तुझ्या सासूबाई सांगतील तसं कर. त्यांना चार लेकरं झालीत, तुला एकच."

आता शेवंताच का गेली नाही, असं तुम्ही विचाराल. तिच्या घरी सुतक होतं, आणि सुतकातल्या बाईनं बाळंतिणीच्या खोलीत पाऊल टाकायचं नसतं. मलाही हे आधी सुचलं होतं. ज्या त्या शहाण्या माणसाला नेमकी तेव्हाच काहीतरी अडचण असते आणि निवृत्ती तेवढा मोकळा असतो.

सासूबाई डिंक निवडत बसल्या होत्या. फोन बघून त्यांनी तोंड वाकडं केलं. "फोटो काढायचा? ह्या यंत्राची नजर लागेल माझ्या नातीला. बघा, कसा काळा डोळा वटारून बघतोय. आधी तीट लावा जावईबापू, मग काढा काय काढायचं ते." त्यांनी काजळाची डबी पुढे सरकवली.

निवृत्ती विचार करत नसे असं नाही. पोरीनं कुणाचं काय केलंय? नजर वाईट फोनची. बंदोबस्त करायचा तर त्याचाच. त्यानं बोटावर काजळ घेतलं आणि फोनच्या डोळ्याला चांगली ठसठशीत तीट लावली. मग पोरीचं तोंड उघडं केलं आणि फोटो काढले.

म्हातारीनं त्या रात्री फोन हातात घेतला आणि जवळ-लांब धरून बघितला. समोर नुसता काळोख होता.

"रंग आजोबांवर गेलाय," ती शेवटी म्हणाली. मग म्हणाली, "असू दे. आजोबा काय वाईट होते? माझी आहे ती." फोन उजेडाकडे धरून तिनं विचारलं, "डोळे मिटलेत का रे तिनं?"

"टक्क उघडे होते."

"मग दिसत का नाहीत?"

दारात उभ्या असलेल्या शेवंतानं फोन मागून बघितला. बोट फिरवलं. बोट काळं झालं. "काकू, तुमची नात गोरी की काळी ते मला ठाऊक नाही," ती म्हणाली, "पण हे काजळ आहे."

म्हातारीनं कपाळाला हात लावला, आणि मग तोच हात निवृत्तीच्या पाठीत घातला.

ह्यावेळी शेवंतानं फोन स्वच्छ पुसला आणि निवृत्तीला समोर बसवून घोकवून घेतलं. काजळ कुठं? पोरीला. उघडं काय? तोंड. उजेड कुठून? खिडकीतून. पोर दचकायला नको म्हणून कांचननं फोनचा आवाज तेवढा बंद करून दिला. आणि खोटं कशाला सांगू, निवृत्तीनं फोटो काढला तो इतका सुरेख, की तांबोळीनं तो बघून दुकानात लावायला मागितला.

म्हातारीच्या हातात फोन दिला. चष्म्यामागून तिनं बघितलं. बारकं नाक, कपाळावर उतरलेलं जावळ, गालाशी मिटलेली मूठ.

"माझ्या आईवर गेलीय," म्हातारी म्हणाली. "अगं शेवंता, माझी आई आहे ही. अशीच मूठ धरून झोपायची." आणि ती हसत होती की रडत होती, ते तिलाच कळत नव्हतं. तिनं हात पुढे केला आणि नातीच्या गालावरून बोट फिरवलं.

नात गेली. जागेवर काळोख आला.

"कुठं गेली?"

निवृत्तीनं तिला परत आणलं. म्हातारीनं अगदी हळू, नुसतं बोटाचं टोक गालाला लावून फिरवलं. परत गेली. पुन्हा फिरवलं, तर गाठोडं आलं.

"हात लावू नका काकू," शेवंता म्हणाली. "नुसतं बघा. टचचा आहे तो."

म्हातारीनं फोन खाटेवर ठेवला. "नातीच्या गालाला हात लावायचा नाही, तर मला कशाला दाखवता? नको मला ही वस्तू. रोजच्या वापराला मला माझी नात पाहिजे, फोन नको." तिनं फोन निवृत्तीकडे सरकवला. "जा निवृत्ती, विहीणबाईंना म्हणावं, हा फोन ठेवा तुमच्याकडे, आणि माझी नात द्या मला." आणि ती भिंतीकडे तोंड करून पडली.

दुसरा कुणी असता तर म्हातारीच्या पाठीवरून हात फिरवून गप्प बसला असता.

"बरं," निवृत्ती म्हणाला.

तो वडाळीला पोचला तेव्हा भर दुपार होती. कांचन न्हाणीघरात कढत पाण्यानं अंघोळ करत होती; बाळंतिणीची अंघोळ ती, तासभर चालायची. सासूबाई भिंतीला टेकून पाळण्याची दोरी हातात धरून पेंगत होत्या. निवृत्तीनं त्यांच्या कानाशी जाऊन अदबीनं निरोप सांगितला, "आईनं सांगितलंय, हा फोन ठेवा तुमच्याकडे आणि नात द्या."

"हं," सासूबाई झोपेत म्हणाल्या.

एवढं झाल्यावर आणखी काय विचारायचं? निवृत्तीनं मुलीला उचलून आपल्या खांद्यावरच्या टॉवेलात घेतलं. पाळण्यातलं दुपटं फोनभोवती नीट गुंडाळलं, तोंडावरून घेतलं, आणि तो वाटेला लागला. मुलगी टेकाड उतरेपर्यंत झोपली होती. ओढ्यापाशी तिनं डोळे उघडून बापाकडे बघितलं. "आलंच घर," निवृत्ती तिला म्हणाला. "बसा निवांत."

निवृत्तीनं म्हातारीच्या कुशीत पोर ठेवली. तिनं गालाला हात लावला. गाल होता तिथंच राहिला. कपाळाला लावला, नाकाला लावला, मूठ उघडून आपलं बोट त्यात दिलं. पोरीनं ते घट्ट धरलं. म्हातारीच्या डोळ्यांतून धारा लागल्या. "देव तुझं भलं करो निवृत्ती," ती म्हणाली. "सव्वा महिना झाला नाही, तरी कशी पाठवली रे त्यांनी? आणि कांचन कुठाय? मागून येतीय का?"

"ती अंघोळीला बसलीय."

"मग पोर दिली कुणी?"

"सासूबाईंनी. झोपेत होत्या, पण हं म्हणाल्या."

म्हातारीचं बोट अजून पोरीच्या मुठीत होतं. "निवृत्ती," ती सावकाश म्हणाली, "तिथं पाळण्यात आत्ता काय आहे?"

"फोन. तूच म्हणालीस, हा फोन ठेवा तुमच्याकडे."

"शेवंता," म्हातारी ओरडली, "आधी त्या फोनला फोन लाव. विहीणबाईंनी पाळण्यात हात घातला तर जागच्या जागी जीव जाईल त्यांचा."

शेवंतानं आपल्या फोनवरून फोन लावला.

तिकडे वडाळीत दुपट्यात घुर्रर्र झालं. सासूबाईंना जाग आली. त्यांनी दोरीला झोका दिला. परत घुर्रर्र झालं. त्यांनी आणखी दोन झोके दिले आणि कान देऊन ऐकलं. शेवंतानं पुन्हा लावला. सासूबाईंनी काळजीनं मान हलवली आणि न्हाणीघराच्या दाराशी जाऊन आवाज दिला.

"कांचन, लेकरू गुणाचं आहे हो, दुपारभर एकदा रडली नाही. पण पोटात फार गुरगुरतंय तिच्या. खरं सांग, तू सकाळी काय खाल्लंस?"