महाराजांच्या गुहेची फट

एक होतं जंगल. तिथे सगळ्यांचं बरं चाललं होतं, म्हणून एक राजा नेमला होता. झिपरराज नावाचं अस्वल.

एकदा उंबराखाली भाषण करता करता महाराजांची पाठ खाजली. त्यांनी ती खोडावर घासली, तसं एक पिकलं उंबर टपकन त्यांच्या टाळक्यावर पडलं. झालं! "हा आकाशातून हल्ला आहे!" महाराज गरजले. सभा म्हणाली, "हल्लाच!" पाठ घासताना सगळ्यांनी पाहिलं होतं, पण तसं म्हणायचं कुणी?

दुसऱ्या दिवसापासून पक्ष्यांचं मनाला येईल तिथून उडणं बंद. उडायचं ते टेकडीवरच्या उड्डाणतळावरून, तेही झडती देऊन. झडतीला काटेकर नावाचा साळिंदर नेमला. तो अगदी जवळ येऊन तपासायचा. साळिंदर अगदी जवळ आला की काय होतं, ते मी सांगत बसत नाही. सुतारपक्ष्याला चोच काढून ट्रेमध्ये ठेवायला सांगितलं. मोराला पिसारा उलगडून, मिटून, पुन्हा उलगडून दाखवायला लावला. एक कासव नुसती रांग बघून उभं राहिलं होतं. त्याच्या पाठीवरची बॅग उघडेना, म्हणून ते अजून तिथेच आहे.

सगळ्यात हाल झाले बाबल धनेशाचे. त्याची बायको शेवंती दरीपलीकडच्या झाडाच्या ढोलीत होती. धनेशांची रीतच अशी, की बाई ढोलीत शिरते, विष्ठेने आणि मातीने दार आतून लिंपून घेते, चोचीपुरती फट ठेवते आणि पिसं गाळून बसते. नवऱ्याने दिवसभर गळ्यात फळं भरून आणायची. नाही आणली, तर आतले सगळे उपाशी मरणार. आणि पिल्लं तर नुकतीच अंड्यांतून बाहेर आली होती.

"पुन्हा तुम्ही?" काटेकरने विचारलं.

"सकाळपासून येतोय साहेब. पोरं भुकेली आहेत हो."

"सज्जन प्राणी एवढी ये-जा करतो का? जो जास्त उडतो तो जास्त संशयित. वारंवार उडणाऱ्यांची दुहेरी झडती, नवा नियम आहे. गळ्यात काय?"

"उंबरं."

"पिकलेली? म्हणजे रस. रसाला बंदी आहे. ओका."

ओकलेली उंबरं सुरक्षा कोठारात जमा व्हायची. कोठार महाराजांच्या गुहेशेजारीच होतं, आणि संध्याकाळी महाराज जातीने त्याची पाहणी करायचे. सुरक्षा वाढत होती, महाराजही वाढत होते.

बाबल रिकाम्या गळ्याने ढोलीशी पोचला. शेवंतीने फटीतून चोच बाहेर काढली, ती तशीच उघडी राहिली. "अहो, पोरं आता ओरडतसुद्धा नाहीत," ती म्हणाली. बाबलला रडू आलं. तो तडक दरबारात गेला.

"महाराज, दार तर आम्हीही लिंपतो. पण अन्नाला फट ठेवतो! तुम्ही फटच बुजवलीत."

महाराजांनी यातलं सोयीचं तेवढं ऐकलं. "काय? पाखरं दार लिंपून बसतात आणि मी उघड्या गुहेत झोपतो? लिंपा!"

गुहा लिंपली, जेवणापुरती फट ठेवली. त्यासाठी लागणारा माल महाराजांनी स्वतः पुरवला, आणि दरबाराने त्याला राष्ट्रार्पण असं नाव दिलं.

मग जेवणाची वेळ झाली. सेवक मध घेऊन आला, तर फटीपाशी काटेकर उभा.

"मध? म्हणजे रसच. बंदी आहे."

"अरे मूर्खा, मी राजा आहे!" आतून आवाज आला.

"आपण वारंवार जेवता महाराज. दुहेरी झडती लागेल."

पोट पाठीला लागलं तेव्हा महाराज आतून किंचाळले, "बंद करा ती झडती! सगळ्यांची बंद करा!"

हुकूम तो हुकूम. बाबलने गळा ठासून उंबरं भरली आणि थेट झाडावरूनच झेप घेतली. शेवंतीने आधी पोरांना भरवलं, मग नवऱ्याला झापलं, "एवढा उशीर?" बाबलला इतका आनंद याआधी कधी झाला नव्हता.

गुहा फोडली. महाराज चांगले सडपातळ होऊन बाहेर आले. लगेच जंगलभर फलक लागले, 'प्रवाशांचं दुःख जाणणारा राजा! धन्यवाद, महाराज!' आभारसभा ठेवली. येणं ऐच्छिक होतं, न येणाऱ्यांची नावं तेवढी लिहून घेणार होते. दारात काटेकर होताच, त्याने सगळ्यांना तपासून आत सोडलं.

सभा उंबराखालीच होती. बोलता बोलता महाराजांची पाठ खाजली, ते खोडाकडे सरकले, आणि आम्ही सगळे आपापल्या पायांकडे बघू लागलो.