दिवाणांचा डिसकमोड

काय सांगू मंडळी, हरणगिरी संस्थानचे दिवाण पारखे विलायतेहून परतले ते तोंडभर इंग्रजी घेऊनच! त्यांच्या बंगल्यामागच्या वाटेनं परटिणी हसतबोलत तळ्यावर धुणं न्यायच्या. दिवाणांची दुपारची झोप मोडायची. त्यांनी वाटेवर फाटक ठोकलं आणि पाटी लावली, 'दिवाणसाहेबांना डिसकमोड करू नये!'

आता तळं गाठायचं तर अख्ख्या डोंगराला वळसा, तोही डोक्यावर गाठोडं घेऊन. गोजरा परटीण गाऱ्हाणं घेऊन गेली, तर दिवाण मिशीत हसले. "आधी त्या शब्दाचा अर्थ सांग, मग फाटक उघडतो."

अर्थ शाळेच्या मास्तरांनाही ठाऊक नव्हता. गोजरा म्हणाली, "दरबाराच्या दिवशी आणून देते, सरकार."

तो दिवस उजाडला. चौघडा झडला, महाराज गादीवर बसले, आणि इकडे दिवाण घरी नुसत्या बंडीवर येरझाऱ्या घालतायत! दरबारी पोशाख धुवायला गेलेला, त्याचा पत्ताच नाही. महाराजांचा हुजऱ्या दोनदा बोलवून गेला. अखेर घामाघूम गोजरा इस्त्रीची घडी घेऊन दारात आली.

"इतका उशीर?" दिवाण कडाडले. "तिकडे महाराज खोळंबलेत! माझी केवढी पंचाईत झाली, कळतंय का?"

"कळतंय की, सरकार. डोंगराला वळसा घालून आले. वाट आमची अडली आणि पंचाईत तुमची झाली. तुमच्या पाटीवरच्या 'डिसकमोड'चा अर्थ तो हाच ना?"

एक हात अंगरख्यात, एक बाहेर, तसेच दिवाण गड्यावर ओरडले, "अरे, बघतोस काय? आधी ते फाटक उपट!"