ढोलीतली बाळंतीण

सरपंच तात्या शिवगणांना गावाच्या वेशीवर स्वतःच्या नावाची स्वागतकमान हवी होती आणि मध्ये बेहड्याचं जुनं झाड येत होतं. त्याच्या ढोलीत धनेशाची मादी अंडी उबवत बसली होती. हे पक्षी आता आमच्या भागात बोटांवर मोजण्याइतके उरलेत. मोठ्या माणसांना सगळं ठाऊक होतं, पण सरपंचासमोर त्यांची दातखीळ बसते. शेवटी शाळेची पोरंच झाडाभोवती कडं करून उभी राहिली.

झाड तोडायला गाडी घेऊन आलेले करवतवाले थबकले. तात्या खेकसले, "खोडावर दोन दणके घाला, पाखरू उडून जाईल."

"नाही उडणार, तात्या," सहावीतली रुणाली म्हणाली. "तिनं ढोलीचं तोंड आतून लिंपून घेतलंय, उडायची पिसंही गाळलीत. पिल्लं मोठी होईपर्यंत नवराच फटीतून फळं भरवतो."

"मग त्या नवऱ्याला म्हणावं, पंचायतीत ये आणि रीतसर अर्ज कर!"

तात्यांचे चमचे खो-खो हसले.

"तो नाही यायचा, तात्या. बायको बाळंतीण असताना पुढारपण करत गावभर हिंडायला तो काय माणूस आहे?"

बघायला जमलेल्या बायकांत एकदम हशा उसळला. सगळ्यांत मोठ्यानं हसल्या त्या सुगंधाकाकी, खुद्द तात्यांची बायको.

"अगं पोरी, थोरल्याच्या वेळी मी कळा देत होते आणि हे प्रचारात!" डोळे पुसत त्या करवतवाल्यांकडे वळल्या. "गाडी फिरवा रे. आत बाळंतीण आहे."

करवतवाल्यांनी तात्यांना विचारलंसुद्धा नाही.