गोलकीपरचा कप्पा

"एकच कप्पा राहिलाय, बाबा. तो भरला की संपेल ना हे?"

केशराजबाबा झोळीला ठिगळ लावत होते. दोरा दाताने तोडून त्यांनी सुई झोळीतच खोचून ठेवली आणि हात पुढे केला.

देवतळ्यांनी मांडीवरचा आल्बम त्यांच्या हातात दिला.

रिद्धपूरकडे जाणाऱ्या रस्त्यालगत महानुभावांचा हा लहानसा मठ. देवतळे कॉलेजात रसायनशास्त्र शिकवत. देवाधर्माशी त्यांचा फारसा संबंध नव्हता. अकरा वर्षांचा मुलगा, ओजस, तापाने गेला आणि त्यानंतर ते इथे येऊ लागले. आत शिरताना कोनाड्यातल्या खड्यांपुढे डोकं टेकवायचं, एवढंच ते करत. पंथाचे स्वामी जिथे बसले, जिथून चालले, त्या ठिकाणांचे ते दगडाचे तुकडे. त्या मठात पूजेला तेवढंच होतं.

आल्बममध्ये हॉकी खेळाडूंची कार्डं होती. बिस्किटाच्या पुड्यात निघायची तसली. ओजसने ती जमवायला घेतली होती. बरीचशी मिळाली होती, काही राहिली होती. तो गेल्यावर उरलेली देवतळ्यांनी मिळवली.

बाबा एकेक पान उलटू लागले.

"कोरी करकरीत आहेत," ते म्हणाले. "एकाचाही कोपरा मोडलेला नाही."

देवतळे सावरून बसले. मग त्यांनी सांगितलं की इतका स्वच्छ संग्रह विदर्भात दुसरा नाही. नागपूरपासून पुण्यापर्यंतचे संग्राहक त्यांना नावाने ओळखतात. एकाने तर प्रदर्शनात ठेवायला मागितला आहे. हे ते मिरवण्यासाठी सांगत नव्हते. पण सांगत होते.

"ओजसची आई काय म्हणते?"

"ती आल्बमला हात लावत नाही."

"बरं."

"पूर्ण झाल्यावर लावेल… असं मला वाटतं."

बाबांनी आणखी एक पान उलटलं.

"कोनाड्यातला एक खडा फुटलाय," मग ते म्हणाले. "उंदराने खाली पाडला. मागच्या ओढ्यात छान गुळगुळीत गोटे आहेत. त्यातला एक आणून ठेवू का त्याच्या जागी?"

देवतळ्यांना हसू आलं. "आज चेष्टेत आहात, बाबा."

"का?"

"गोटा कितीही चांगला असू द्या. त्याच्यावर स्वामी थोडेच बसले होते?"

"तेही खरंच," बाबा म्हणाले आणि पुन्हा आल्बमकडे वळले. "यातली ओजसची कोणती?"

"सगळी त्याचीच."

"त्याच्या हातची म्हणतो मी."

देवतळ्यांनी चष्मा काढला. रुमाल शोधून काचा पुसल्या.

ओजसची कार्डं ठेवण्यासारखी नव्हती, असं ते म्हणाले. पोरगं ती खेळायचं. चड्डीच्या खिशात घेऊन हिंडायचं, उशाखाली घेऊन झोपायचं. काही धुण्यात भिजली. काहींवर पेनाने गिरगटलेलं. नवी मिळवलेली कार्डं शेजारी लावली की ती जुनी फारच वाईट दिसायला लागली. म्हणून एकेक करून बदलली. संग्राहकांमध्ये तशी रीतच आहे. एका कोऱ्या कार्डासाठी तीनचार मळकी द्यायची. खराब काढायचं, चांगलं घालायचं. त्याला संग्रह सुधारणं म्हणतात.

"मग सुधारला."

"हो."

"गोलकीपरचा कप्पा रिकामा दिसतो," बाबा म्हणाले.

"तेच ते शेवटचं. अमरावतीला एका गृहस्थांकडे कोरं आहे. आजचाच वार दिलाय त्यांनी. इथून बस धरीन."

"ओजसकडे नव्हता गोलकीपर?"

"होता. पण…"

त्यांनी सदऱ्याच्या खिशातून घडी घातलेला कागद काढला. त्यात ते कार्ड होतं. अमरावतीला अदलाबदलीत द्यायचं म्हणून बरोबर घेतलेलं. एक कोपरा गेलेला, मधोमध सुरकुती. गोलकीपरच्या तोंडावर निळ्या बॉलपेनने मिशा काढल्या होत्या आणि चष्मा.

"बघा ना," देवतळे म्हणाले. "काय करून ठेवलंय."

बाबांनी कार्ड हातात घेतलं. उजेडाकडे धरलं. मग हात लांब करून ते देवतळ्यांच्या गालाशी नेलं आणि एकदा कार्डाकडे, एकदा त्यांच्या मिशांकडे पाहिलं.

"चष्म्याच्या उजव्या काडीवर त्याने आडव्या रेघा मारल्यात," ते म्हणाले. "दाट. कशाच्या?"

देवतळ्यांनी कार्ड घेतलं. चष्मा कपाळावर सरकवून ते डोळ्यांजवळ नेलं.

त्यांचा दुसरा हात उजव्या कानामागे गेला आणि तिथेच राहिला.

"काडी मोडली होती माझी," ते म्हणाले. "त्या वर्षी. मी दोरा गुंडाळून वापरत होतो."

"त्याच्या वर्गातली मुलं हसायची," ते पुढे म्हणाले. " त्याला वाईट वाटत असेल, असं मी धरून चाललो होतो."

देवतळ्यांनी कार्ड गुडघ्यावर ठेवलं.

"म्हणून मी मग नवा चष्मा केला."

बाहेर रस्त्यावरून एक बैलगाडी गेली. गाडीवानाने आत पाहून दंडवत म्हटलं. बाबांनी हात जोडले.

"बाकीच्यांवर काय होतं?" त्यांनी विचारलं.

"काहीबाही असेल."

"काय?"

"पाहिलं नाही मी, बाबा. खराब दिसलं की वेगळं काढत होतो. चांगलं पाकिटात, खराब पिशवीत… इतकंच पाहत होतो."

"कुठे गेली ती?"

देवतळ्यांनी सांगितलं. नागपूरला, पुण्याला, ज्याने त्याने नेली. मळकं कार्ड कुणी सांभाळून ठेवत नाही. तेही पुढे कुणाला तरी देतात, नाहीतर टाकतात. नागपूरच्या एका गृहस्थाने तर त्यांच्यासमोरच पिशवी केराच्या डब्यात उलटी केली होती. तेव्हा त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. दोघांनी चहा घेतला होता.

"मी शोधीन," ते एकदम म्हणाले. "एकेकाला विचारीन. सगळी नसतील गेली."

"ओळखाल कशी?"

अमरावतीची बस फाट्यावर येऊन थांबली. कंडक्टरने हाक दिली, हॉर्न वाजला. देवतळे उठले नाहीत. बस गेली. तिचा आवाज बराच वेळ ऐकू येत राहिला.

मग त्यांनी आल्बम स्वतःकडे ओढला. गोलकीपरचं पान उघडलं आणि ते कार्ड रिकाम्या कप्प्यात घालू लागले. मोडलेला कोपरा प्लास्टिकला अडकत होता. त्यांच्या बोटांना ते जमेना. बाबांनी वाकून कप्प्याचं तोंड दोन बोटांनी उघडून धरलं. कार्ड हळूहळू आत सरकलं.

सगळ्या कोऱ्या कार्डांमध्ये ते एक.

देवतळे पाहत राहिले. त्या पानावर, शेजारच्या पानावर. बॅक, हाफ, सेंटर फॉरवर्ड, सगळे हातात स्टिक घेऊन हसत उभे होते. त्यांच्या तोंडावर कुणी काही काढलेलं नव्हतं.

"भरला," ते म्हणाले. "झाला पूर्ण."

बाबांनी झोळी पुन्हा मांडीवर घेतली. सुई काढली, दोरा ओवला.

"आता पहिल्या पानापासून मोजा, बापू. रिकामे कप्पे किती आहेत?"