चुलीचे तीन उंचवटे

भांडी बोलत असत त्या काळची गोष्ट. सुगंधाक्कांच्या घरात एकच चूल होती. तिने एकदा आपल्याच मातीचा तवा घडवला आणि म्हणाली, “अक्का, हा माझ्यासोबत फुकट.” अक्का खूश झाल्या.

मग भांडी टेकायचे आपले तीन उंचवटे चूल रोज थोडे थोडे सरकवू लागली. तवा बरोबर बसे, हंडी मात्र डगमगे.

“काल तर नीट बसले होते,” हंडी म्हणाली. “बदलणार होतीस, तर सांगायचं तरी!”

“सांगितलं की. तव्याला,” चूल म्हणाली.

एक दिवस अक्कांनी आजारी सासऱ्यांसाठी हंडीत पेज ठेवली. हंडी कलंडली, पेज सांडली आणि विस्तवही विझला. अक्कांनी तव्याकडे पाहिलं. त्यात पेज कशी शिजणार? त्या अंगणात गेल्या आणि तीन दगड मांडले.

हंडीने दगडांना भीत भीत विचारलं, “उद्या तुम्हीही सरकाल?”

“सरकूही कदाचित,” दगड म्हणाले. “पण इथे उघड्यावर ते सगळ्यांना दिसेल.”

घरातल्या चुलीत आता मांजर झोपतं. तवा मात्र चुलीवर अजूनही अगदी बरोबर बसतो.